दुकानाची वही आणि घराची वही

बाजारात मंदीची कुजबुज सुरू झाली म्हणजे ब्रह्मपुरीचा व्यापारी प्रथम काय करतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. तो वही उघडतो. उधारी कोणाकडे किती थकली, कोठारात माल किती पडून आहे, नागपूरच्या आडत्याचे देणे केव्हा द्यावयाचे, कोणत्या गिऱ्हाइकास यापुढे हात आखडून माल द्यावा, हे सर्व तो अंकांनिशी तपासतो आणि मगच तोंड उघडतो. परंतु तोच मनुष्य दुकान बंद करून घरी जातो, पानावर बसतो आणि तीनच शब्द उच्चारतो : ‘खर्च कमी करा.’ काय कमी करावयाचे, किती, कोणाच्या वाट्याचे, याचा तपशील नाही. अंक तर नाहीतच. दुकानात एखाद्या मुनिमास असा मोघम हुकूम मिळाला असता तर त्याने मालकाकडे पाहून मान हलविली असती. घरात तो हुकूम गृहिणीच्या पदरात पडतो, आणि जेथून कपात केली असता कोणीही तक्रार करणार नाही अशी जी एकच जागा तिला ठाऊक असते तेथून ती कपात करते. ती जागा म्हणजे तिचे स्वतःचे ताट.

काटकसर करावी की न करावी, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. आवक घटली म्हणजे जावक घटविलीच पाहिजे. हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वाद आहे तो इतकाच की, ही काटकसर घरातील कोणत्या माणसाच्या अंगावरून होते, याचा जमाखर्च आपण ठेवतो की नाही. आमचे म्हणणे असे की, आपण तो ठेवीत नाही, आणि न ठेवल्यामुळेच मंदी सरल्यावरही घर सावरत नाही.

मंदी हा पाहुणा या भागास नवा नाही. १९२९ साली अमेरिकेत जो आर्थिक कोसळा झाला त्याची झळ समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांस लागली. पुढील तीन-चार वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु सरकारी सारा आणि सावकाराचा रोखा यांतील आकडे मात्र जेथल्या तेथे राहिले. पूर्वी जे देणे एक खंडी धान विकून फिटत असे त्यास दोन खंडी लागू लागले. त्यातच इंग्रज सरकारने १९२७ साली रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा कायद्याने ठरवून ठेवला होता. एक शिलिंग चार पेन्सच्या वर तो जाऊ नये असे आपले पुढारी कंठशोष करून सांगत होते; कारण महाग रुपया म्हणजे स्वस्त शेतमाल. ते कोणी ऐकले नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि गांजलेल्या घरांतील पाटल्या व पुतळ्या मोडीत निघून कोट्यवधी रुपयांचे सोने बोटीत बसून विलायतेस गेले. त्या सोन्याची मालकीण कोण होती आणि विक्रीचा निर्णय कोणी घेतला, हे दोन प्रश्न त्या काळच्या कोणत्याही सरकारी अहवालात कोणी विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पुढे १९३३ साली मध्यप्रांताने कर्ज-तडजोडीचा कायदा केला आणि धनको व ऋणको यांस समोरासमोर बसविणारी मंडळे नेमली. हा कायदा झाला याचा अर्थच असा की, घरे बुडाली ती दुधातुपाच्या खर्चाने नव्हे, तर रोकड देण्याच्या ओझ्याने.

आता आपल्या डोळ्यांसमोरची मंदी घेऊ. २५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी झाली. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न मागील वर्षाच्या त्याच तिमाहीहून सुमारे २४ टक्क्यांनी घटले, असे सरकारनेच प्रथम जाहीर केले. ब्रह्मपुरीच्या आसपास हा आकडा निराळ्या रूपाने दिसला. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून दर वर्षी हजारो मजूर मिरची तोडण्यास तेलंगणात जातात. धानाचा हंगाम सरल्यावर पुढच्या पावसापर्यंतचे पोट त्या मजुरीवर चालते. ते मजूर तिकडेच अडकले. कित्येक पायी निघाले. आणि ज्या घरांनी तो उन्हाळा कसाबसा निभावला त्यांपैकी नदीकाठच्या घरांत ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेचे पाणी शिरले. गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी तालुक्यातील अनेक गावे वेढली आणि बांध्यांतील उभे धान गेले. एकाच वर्षात मजुरी, बाजार आणि पीक ही तिन्ही गेली, तरी माणसे तगली. ती कशी तगली?

सरकारी धान्याचा भाग त्यात होताच. माणशी ५ किलो फुकट धान्य एप्रिल २०२० पासून मिळू लागले, आणि ते मिळाले नसते तर काय झाले असते याची कल्पनाही नको. परंतु नुसत्या तांदळाने जेवण होत नाही. उरलेले ताट झाडीपट्टीतील स्त्रियांच्या जुन्या विद्येने भरले. ही विद्या शाळेत शिकवीत नाहीत, म्हणून सुशिक्षितांस तिची किंमत नाही. हिवाळ्यात वांगी मातीमोल होतात तेव्हा ती चिरून उन्हात वाळवून ठेवावयाची; कोहळ्याच्या वड्या घालावयाच्या; आंबाडीचा पाला सुकवून मडक्यात भरावयाचा; बोडीतील पाणी आटू लागले म्हणजे सापडेल ती मासळी खारवून सुकट करावयाची. मार्च-एप्रिलात मोह गळतो तेव्हा फुले वेचून, वाळवून, कणगीच्या शेजारी गाठोडे बांधून ठेवावयाचे. पावसाळा लागला म्हणजे रानात सात्या आणि वास्ते येतात. तांदूळ कांडताना निघालेली कनकी बाजारात कमी भावाने जाते, परंतु तिची पेज करून सकाळी प्याली असता पोटास तीच तृप्ती मिळते. ज्या घरात सासूने सुनेस हे शिकविले होते त्या घरात भाजीवाल्याची गाडी दोन महिने आली नाही तरी कालवणावाचून भात खाण्याची पाळी आली नाही. आमच्या शहरातील पुष्कळ घरांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे वाळवण ‘खेडवळ’ म्हणून सोडून दिले. दुकानात ज्यास आपण हंगामात माल भरून ठेवणे म्हणतो आणि ज्याबद्दल व्यापाऱ्याच्या दूरदृष्टीची वाखाणणी करतो, तेच काम अंगणात सूपभर वांग्यांवर झाले म्हणजे खेडवळ कसे ठरते?

तथापि जे जे स्वस्त ते ते हितकर, असे मात्र कोणी समजू नये. या विषयात आपल्याच भागातील लाखोळीचा दाखला पुरेसा आहे. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत लाखोळी फेकली की ती जवळजवळ बिनखर्चाने येते. अवर्षणातही मरत नाही. डाळ महागली की गरिबाच्या घरी हीच शिजते. अधूनमधून इतर अन्नाबरोबर खाल्ली असता तिने अपाय होत नाही. परंतु महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले तर पायांतील शक्ती जाते आणि गेलेली परत येत नाही. रेवा संस्थानाच्या मुलखात वेठबिगारांस मजुरीच या धान्यात देत, आणि तेथे धडधाकट तरुण काठी टेकीत चालताना दिसत. १९६१ साली केंद्राने तिच्या विक्रीस बंदी घातली. पुढे महाराष्ट्रात ती उठली. लाखोळी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देणे, आणि तिच्याबरोबर दुसरे धान्य व भाज्या असणे, एवढी खबरदारी घेतली म्हणजे पुष्कळसे भय टळते. पण घरधनी ‘डाळीचा खर्च बंद’ असे मोघम सांगून मोकळा झाला तर ही खबरदारी कोण घेणार? वहीत डाळीचा खर्च शून्य दिसेल. पाय गेल्याची नोंद त्या वहीत होत नाही.

हाच न्याय जळणास लागू आहे, आणि ब्रह्मपुरीत तर तो अधिक कठोर आहे. एप्रिल ते जून २०२० या काळात उज्ज्वला योजनेतील घरांस तीन सिलिंडर फुकट मिळाले. पुढे २०२२ साली घरगुती सिलिंडरचा भाव हजार रुपयांच्या पलीकडे गेला, तेव्हा कित्येक घरांत तो सिलिंडर कोपऱ्यात उभा राहिला आणि चूल पुन्हा पेटली. वहीत ही हजार रुपयांची बचत दिसते. परंतु लाकूड रानातून आणावयाचे, आणि ब्रह्मपुरी वनविभागाचे रान म्हणजे वाघाचे रान. मोह वेचण्यास पहाटे जावे लागते; त्याच वेळी तोही हिंडतो. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूचा हंगाम ही मजुरीची गोष्ट आहे आणि तिला आज पर्याय नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या घरात दुसऱ्या कोणत्याही खर्चास हात न लावता प्रथम सिलिंडर बंद होतो, त्या घराने हजार रुपये वाचविले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने हजार रुपयांची जोखीम आपल्या सुनेच्या नावे टाकली.

ताटाविषयी आम्ही आरंभी जे लिहिले त्यास अतिशयोक्ती समजणाऱ्यांकरिता एकच आकडा देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मंदी नसतानाही ज्या घरात सर्वांच्या मागून जेवणारी स्त्री उरलेले खाते, त्या घरात मंदी आली म्हणजे उरणार काय? कारकुनाच्या घरी हे चालते, वकिलाच्या घरी चालते, आणि दुकानदाराच्या घरीही चालते; गरिबीचा आणि याचा संबंध आपण समजतो तितका नाही. सर्वांनी एकाच वेळी, एकाच पंगतीस बसून जेवावे, हा काटकसरीचा पहिला नियम आम्ही सुचवितो. त्यास एक पैसाही पडत नाही, आणि भांड्यात काय कमी आहे ते घरधन्यास त्याच दिवशी दिसते.

तर मग कात्री लावावी कोठे? उत्तर २०२० सालानेच दिले आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात लग्नास ५० माणसांची मर्यादा सरकारने घातली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि दोन तास एवढीच झाली. लग्ने झाली. मंगळसूत्र तेच, सप्तपदी तीच. पंचवीस माणसांपुढे लागलेले लग्न कच्चे म्हणून कोणत्याही न्यायालयाने मोडले नाही आणि कोणत्याही जातीने नाकारले नाही. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने डिसेंबर १८७३ मध्ये थोड्या खर्चात लग्न लावून दाखविले तेव्हा केवढा गहजब झाला होता; दीडशे वर्षे उपदेशाने जे साधले नाही ते एका रोगाने दोन महिन्यांत साधून दिले. आणि मर्यादा उठताच आपण काय केले? पुन्हा मंडप, पुन्हा हजाराची पंगत, पुन्हा वाजंत्र्यांच्या भिंती. तेरवीचे जेवणही तसेच परत आले. लोक काय म्हणतील, ही भीती आहे. लोक म्हणजे कोण? आपणच. शंभर घरे एकमेकांच्या भीतीने कर्ज काढतात आणि प्रत्येक घर समजते की उरलेली नव्याण्णव हौसेने खर्च करीत आहेत.

यावर आमचे व्यापारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतील, ‘संपादक महाशय, सर्वांनी हात आखडला तर आमच्या दुकानात येणार कोण? कापडवाला, मंडपवाला, आचारी यांनी खावे काय?’ केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने जानेवारी १९३१ मध्ये नभोवाणीवरून गृहिणींस उद्देशून हेच सांगितले होते, की मंदीत तुम्ही पाच शिलिंग वाचविता तेव्हा कोणा मजुराचा एक दिवसाचा रोजगार जातो. हे खरे आहे. आपल्याकडे २०२० च्या हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके नेहमीप्रमाणे झाली नाहीत, तेव्हा वडसा येथील मंडळ्यांतील कलावंत, वादक, पडदेवाले या सर्वांची चूल त्याबरोबर विझली; एकाची काटकसर ती दुसऱ्याची बेकारी, हे तेथे उघड दिसले. आमचे उत्तर असे की, सर्व पैसा सारख्या वाटेने जात नाही. नाटकाच्या तिकिटाचा, आरमोरीच्या कोशाच्या लुगड्याचा, सुताराच्या मजुरीचा, मुलीच्या शाळेचा पैसा फिरून याच बाजारात येतो. व्याजाचा पैसा येत नाही. तो दर आठवड्यास पेटीत बसून परगावी जातो. व्यापाऱ्याने शत्रू ओळखावा तो हा. ज्या घराचा हप्ता कमी झाला त्याच घराची साखर वाढते.

म्हणून व्याजाविषयी थोडे सविस्तर लिहितो. कारण आमच्या धंद्यात रोज हेच कागद डोळ्यांखालून जातात. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने थांबविण्याची मुभा दिली व नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. पुष्कळ घरांत ‘हप्ता माफ झाला’ असे समजून आनंद झाला. माफ काहीच झाले नव्हते. हप्ता थांबला, व्याज चालू होते, आणि न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढण्याचा प्रसंग आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढीचा फरक ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने पत्करला, आणि २३ मार्च २०२१ च्या निकालाने त्या काळापुरते व्याजावर व्याज कोणासही लावू नये असे ठरले. साधे व्याज मात्र सर्वांस द्यावेच लागले. ज्यांच्या घरी वही होती त्यांनी हे आधी मांडून पाहिले, आणि ज्यांस थोडेबहुत जमले त्यांनी सवलत घेतलीच नाही.

सावकाराचे कागद निराळे. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे. परवान्यावाचून सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चक्रवाढ व्याज घेता येत नाही. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचाच तो नियम होय. कर्जाच्या पोटी लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत जिल्हा निबंधकाकडे दाद मागून परत मिळण्याचीही तजवीज त्यात आहे. धान सवाईने किंवा दिढीने उचलणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक आहे? रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांची गोष्ट मात्र वेगळी. राज्यांचे सावकारी कायदे त्यांस लागू होत नाहीत, असे केरळ व गुजरात यांच्या प्रकरणांत मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यांच्यावर बंधन आहे ते रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांचे : वर्षास तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरास तारणावाचून दिलेल्या अशा कर्जांत, त्या घराचे सर्व हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नियम चांगला आहे. परंतु घराचे मासिक उत्पन्न किती, हे ज्या घरास स्वतःसच ठाऊक नाही त्याच्या वतीने तो आकडा कर्ज देणाराच भरतो, आणि तो कोणत्या बाजूस झुकतो ते सांगणे नको.

सोन्याचेही तेच. ६ ऑगस्ट २०२० रोजी, सोन्याचा भाव शिखरास असताना, रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची परवानगी ३१ मार्च २०२१ पर्यंत दिली. दुकान वाचविण्याकरिता पत्नीचे दागिने तारण ठेवणे प्रसंगी योग्यही असेल. आमचा आग्रह इतकाच की, ती रक्कम दुकानाच्या वहीत तिच्या नावे जमा व्हावी; दुसऱ्या कोणत्याही धनकोची होते तशी. स्त्रीधनाची मालकी पतीकडे जात नाही, हे आपले न्यायालय अनेकदा सांगून चुकले आहे. आडत्याचे पाचशे रुपये ज्या वहीत विसरले जात नाहीत त्या वहीत चार तोळ्यांची नोंद सापडू नये, हा कसला हिशेब?

या घराच्या वहीस मोठी विद्या लागत नाही. आठवीत शिकणारी मुलगी ती लिहू शकते, आणि तिनेच लिहावी असे आम्हांस वाटते. म्हणजे मंदी आल्यावर तिची शाळा बंद करण्याचा विचार जेव्हा घरात निघेल तेव्हा तो तिच्याच हाताने लिहावा लागेल. जमा व खर्च या दोन बाजू नेहमीच्या. व्याजाचे पान स्वतंत्र ठेवावे : कोणाचे, किती, कोणत्या दराने, कोणत्या महिन्यात फिटणार. औषधाच्या पानास कात्री लावू नये. ब्रह्मपुरीस दुरून दुरून लोक दवाखान्याकरिता येतात. त्यांपैकी कित्येक वेळीच आले असते तर थोडक्यात निभावले असते, हे येथील कोणीही डॉक्टर सांगेल. आणि खर्चाच्या बाजूस एक जास्तीचे घर आखावे, जे दुकानाच्या वहीत नसते. जो खर्च कमी केला त्याच्यासमोर, तो घरातील कोणाचा कमी झाला त्याचे नाव. दूध बंद : कोणाचे. तंबाखू बंद : कोणाची. सिलिंडर बंद : लाकडास कोण जाणार. महिनाअखेर ही नावे मोजावी. एकच नाव वारंवार आले असेल तर पुढल्या महिन्यात कात्री दुसरीकडे न्यावी.

दिवाळीत लक्ष्मीपूजनास व्यापारी नव्या वह्या आणतात, त्यांवर कुंकू वाहतात आणि पहिल्या पानावर श्री काढतात. यंदा त्या गठ्ठ्यात एक वही अधिक आणावी, आणि तिच्या पहिल्या पानावर श्रीखाली घरातील प्रत्येक माणसाचे नाव लिहावे. सर्वांत शेवटी जो जेवतो त्याचे सर्वांत आधी.